एकट्याची ढोलकी

"आता तिसरी लाव," सत्यभामा म्हणाली आणि मांडी ठोकून अशी बसली, जसा काही निकाल तिच्या पदराला बांधलेला होता.

पडेगावात मंडपवाल्या काकासाहेबांच्या गोदामात ढोलकीच्या ग्रुपमधले अठरा जण सतरंजीवर जमले होते. रोज मोबाइलवर एकमेकांना ढोलकी वाजवून पाठवायची आणि महिन्यातून एका रविवारी इथं बसून मत टाकायचं, अशी त्यांची रीत. फोनवर मत टाकलं की कुणी कुणाला टाकलं ते दिसायचं आणि भांडणं व्हायची, म्हणून शेंगा काढल्या. वाजवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, नुसता नंबर. स्पीकरवर ऐकायचं आणि आवडेल त्या नंबरच्या स्टीलच्या ग्लासात भुईमुगाची एक शेंग टाकायची. मागं एकदा कुणीतरी मतंच सोलून खाल्ली, तेव्हापासून ग्लासांपाशी काकासाहेब स्वतः बसायचे.

आज गोष्ट मोठी होती. ज्याचा ग्लास भरेल त्याला जयंतीच्या स्टेजवर दहा मिनिटं एकट्यानं वाजवायचा मान. सत्यभामेचा नवरा कचरू चाळीस वर्षं गाणाऱ्यांच्या मागं बसून वाजवत आला. गाणाऱ्याला हार, कचरूला चहा. यंदा मात्र आमचं माणूस पुढं बसणार, असं तिनं गल्लीभर सांगून टाकलं होतं. पांढरा शर्टसुद्धा शिवायला दिला होता.

सुनेनं, मेघानं, मोबाइलवर बोट ठेवलं. ढोलकी सुरू झाली आणि पहिल्याच थापेला सत्यभामेनं कचरूचा हात ओळखला. ती गालात हसली. तेवढ्यात स्पीकरमधून एक बाई कडाडली.

"आठ दिसांनी नळाला पाणी आलं, अन् हे बसले बडवत!"

ढोलकी गप. मग हळूच, धिन ना, धिन ना.

"मोटर कोण लावंल? तुमचा बाप?"

ढोलकी पुन्हा गप. मग धाडधाड अशी उसळली की काकासाहेबांच्या हातातला ग्लास हलला.

"कान फुटले का ओ? टाकी वाहू राहिली!"

शेवटची थाप पडली आणि गोदाम हसून लोटपोट झालं. बायकांनी तोंडाला पदर लावले. "पुन्हा लाव, पुन्हा लाव," म्हणत तीनदा ऐकलं. सत्यभामा मात्र दगडासारखी; आवाज तिचाच होता. नवरा खाली मान घालून सतरंजीचा धागा उपटत होता.

शेंगा पडल्या. पहिल्या ग्लासात दोन, दुसऱ्यात चार. तिसऱ्यात बारा, वर शिगोशीग.

तेव्हा दौलताबादचा सांडू उभा राहिला. दुसरा ग्लास त्याचा होता, हे आता कुणाला सांगायची गरज नव्हती.

"वैनी," तो हात जोडून म्हणाला, "मागच्या महिन्यात मही शेळी एकदाच ओरडली व्हती."

पुन्हा हशा. सांडूच्या ढोलकीत मागं शेळी ओरडली, म्हणून सत्यभामेनंच आरडाओरडा करून ती बाद करवली होती. एकट्याची म्हणजे एकट्याची, दुसरा आवाज नको, मग तो माणसाचा असो का जनावराचा. शब्द तिचेच.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिनं बारा शेंगांकडं पाहिलं. शर्टाचं माप आठवलं, गल्ली आठवली.

"बाद," ती म्हणाली. "शेळीला एक अन् मला एक, असा कायदा नसतो."

मग ती सुनेकडं वळली. "दार लावून वाजवलेली चांगली दुसरी व्हती ना! ही कुणी धाडली?"

"बाबांनीच सांगितलं, आत्याबाई. हीच पाठव म्हणले."

कचरूनं धागा सोडला. "दार लावून वाजवलेली आयकली म्या. हात पडला नाय त्यात. तू बोलायलीस का मगच पडतो."

सत्यभामेनं कमरेवर हात ठेवले.

"मग चाळीस वर्सं हे तोंडानं सांगितलं का नाय?"

"तू मधी जागा सोडशील तं सांगू!"

आता सांडूच सगळ्यात मोठ्यानं हसला. डोळे पुसत म्हणाला, "माझ्या दहातली पाच मिनिटं ह्या दोघांना. लिहून घ्या, काकासाहेब. माझी ढोलकी घरी जाऊस्तोवर इसरतील लोक, ही नाय इसरायचे."

"मी काय स्टेजवर चढून नवऱ्याचा उद्धार करू?" सत्यभामा उठली. "जनाची नाय तं मनाची लाज हाय मला." आणि चपला घालून बाहेर.

घरी जाताना रिक्षात ती मधे बसली. एकीकडं मेघा, दुसरीकडं कचरू. रिक्षा रस्त्याला लागते न लागते तोच तिनं तोंड सोडलं. चारचौघांत मान खाली घालायला लावली. गल्लीत आता काय सांगायचं? शर्ट काय खुंटीला लावायचा का?

बोलता बोलता तिची नजर खाली गेली. कचरूची बोटं सीटच्या कडेवर चालत होती. ती गप्प झाली. बोटंही थांबली. उचललेली, तशीच, वाट बघत.

मेघानं रस्त्याकडं तोंड फिरवून हसू दाबलं.

"आठ दिसांनी नळाला पाणी आलं..." सत्यभामा म्हणाली, आणि मुद्दाम जागा सोडून थांबली.