आधी टाळ्या, मग चौकशी

शिंक आली आणि नवीचं कोपर बदकन धोक्याच्या वेळी यंत्रं थांबवायच्या तांबड्या बटणावर बसलं.

भोंगा कोकलला. रोलर कण्हत कण्हत थांबले. लाटायला निघालेली पोलादाची लालबुंद लादी वाटेतच अडली आणि बघता बघता काळवंडायला लागली. खाली सगळा कारखाना गप्प. वर काचेच्या केबिनमध्ये नवी नाक धरून उभी. तिच्या शिंकेनं घरी सासूच्या हातातली बशी निसटायची. पण बशी फोडणं वेगळं आणि पोलादाचा कारखाना बंद पाडणं वेगळं. त्यातून दिवस कुठला, तर मोठ्या पुलासाठी पोलाद कुणाकडून घ्यायचं ते ठरवणारा इंजिनिअर आज खाली उभा! पुलाचं काम मिळालं नाही तर कारखान्याची एक पाळी बंद होणार होती. आणि सगळ्यात आधी घरी कोण जाणार? जी सगळ्यात शेवटी आली ती, म्हणजे नवीच.

शिंकेनं नोकरी खाल्ली, हे सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं?

लोखंडी जिना उतरता उतरता तिनं थाप शिजवली. ठिणगी दिसली म्हणावं. नको, धूर बरा. धुराचा मागे पुरावा राहत नाही. थापा मारण्यात तिचा हात बसलेला होता. आधीच्या कारखान्यानं दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तिथं या बटणावर पेटी होती, पेटीला कुलूप, आणि किल्ली साहेबाच्या खिशात. साहेब जेवायला गेला असताना एका फिटरचा हात रोलरनं ओढून घेतला. किल्ली आली, हात आला नाही. साहेब म्हणाला, चूक फिटरची. ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांना दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतलं नाही. असल्या जागेला लोक कारखाना म्हणतात, कारण कसाईखाना म्हणायची लाज वाटते.

तिचा पाय शेवटच्या पायरीवर पडला आणि टाळ्या सुरू झाल्या.

तिला वाटलं, टिंगल चाललीय. पण भट्टीवाले, क्रेनवाले, झाडणाऱ्या मावशी, सगळे हातमोजे काढून मनापासून वाजवत होते. मालकीणबाईसुद्धा, तेही पाहुण्या इंजिनिअरच्या देखत.

"अगं, अशी भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" मुकादम मामा ओरडले. "इथली रीत आहे. बटण कुणीही दाबू दे, आधी टाळ्या, मग चौकशी!"

"पण मामा, मी..."

"चौकशी नंतर म्हटलं ना!"

टाळ्या थांबेनात. नवीनं घशापर्यंत आणलेला धूर तिथंच विरला.

"काय झालं गं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"शिंक आली, बाई. कोपर लागलं. दुसरं काही म्हणजे काही नाही."

क्षणभर कुणाला कळेचना. मग मामा जे खिदळले, ते पोट धरून खालीच बसले. सगळा कारखाना हसत सुटला.

"कोपराला उशी बांधा रे हिच्या!"

"उशी कशाला? नाकालाच भोंगा लावा!"

मालकीणबाईंनी डोळे पुसले. "मामा, ते बटण हातभर लांब सरकवा. त्याची जागा चुकलीय, हिचं नाक नाही चुकलेलं."

नवीही खुळ्यासारखी हसत होती. एवढ्यात तिचं लक्ष पाहुण्याकडे गेलं. एकटा तोच हसत नव्हता. काळ्या पडलेल्या लादीकडे टक लावून बघत होता. नवीचं हसू जागच्या जागी गोठलं.

"ही गेली भंगारात," मालकीणबाई त्याला सरळ म्हणाल्या. "तुमच्यापासून काय लपवायचं?"

"काल मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो," पाहुणा म्हणाला. "तिथं या बटणावर कुलूपबंद पेटी आहे. मी विचारलं, हे शेवटचं कधी दाबलं होतं? तर छाती फुगवून म्हणाले, कधीच नाही!"

त्यानं सावकाश हातमोजे काढले.

"त्यांच्या पोलादाच्या पुलावरून मी माझ्या सासूलासुद्धा पाठवणार नाही. पूल तुमचा."

आणि, जरा उशिरानं का होईना, त्यानंही टाळ्या वाजवायला घेतल्या.