मुसळाचा ठेका

चुलतबहिणीच्या हळदीला सर्वेश कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसला होता. रविवारच्या मैफलीसाठी त्याला एक अस्सल रॅपर हवा होता आणि तीन महिने झाले तरी सापडत नव्हता. "रेडिओवर गेला तो बाटला," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

हळद कुटायचं मुसळ हातोहात फिरत गडहिंग्लजहून आलेल्या हौसामावशींकडे आलं. "मावशी, नाव घ्या!" बायका ओरडल्या. मावशींनी उखळात दणका दिला आणि त्याच ठेक्यावर सुटल्या.

"भाताला वरण, वरणाला हिंग,
रात्रभर घोरून ह्यांनी फुंकलं शिंग,
शिंगानं उठली सगळी आळी,
दत्ताजीरावांचं नाव घेते हळदीच्या सकाळी!"

सर्वेशचे हेडफोन गळ्यात आले. यमकाला यमक, मुसळाचा ठेका, वर भरल्या मांडवात नवऱ्याचा उद्धार! आणि तो नवरा खूश होऊन टाळ्या पिटत होता.

"मावशी, असे आणखी आहेत?"

"पाचेकशे असतील की."

सर्वेशनं त्यांचे पायच धरले. "रविवारी माझ्या मैफलीत याच. त्या रेडिओवाल्यांना हे सात जन्मांत जमायचं नाही!"

"रविवारी नाही रे जमायचं," मावशी कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. "रविवारी रेडिओवर माझा उखाण्यांचा कार्यक्रम असतो. बावीस वर्षं झाली, एक रविवार चुकला नाही."

सर्वेशनं मावशींचे पाय सोडले. मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे पाहून त्यानं हळूच विचारलं, "किती वाजता लागतो?"