समोरची थाळी

"अहो, रोज बँकेत म्हणून जाता ते इथे?" चारूताईंनी मोबाइल नार्वेकरांच्या नाकापुढे धरला. हॉटेलं शोधून देणाऱ्या ॲपवर, समोरच्या खानावळीच्या नावाखाली त्यांचा हसरा फोटो झळकत होता: 'मधुसूदन इथे नेहमी जेवतात.'

नार्वेकरांना घाम फुटला. त्यांचीही खानावळच होती आणि तिथे रांधायच्या चारूताईच. "ॲपने कसलीशी परवानगी मागितली, मी हो म्हटलं," ते पुटपुटले. "ते गावभर सांगत सुटेल हे कुठे ठाऊक होतं?"

चारूताई पदर खोचून तडक समोर गेल्या. आता जुंपणार म्हणून नार्वेकर मागोमाग धावले. पण चारूताईंनी थाळी मागवली, बांगड्याचं तिखलं चाखलं, परत वाढून घेतलं.

"उद्यापासून दोघंही इथेच जेवू," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त येताना तो मोबाइल घरी ठेवा."