सहा रिकामे खिळे

चोवीस पॅनल, बारा-बाराच्या दोन रांगा. दर रांगेला एक वीजमीटर. शेडच्या भिंतीत वायपर टांगायचे सहा खिळे, सहाही रिकामे. २००९ चा जुलै. दुबईजवळ जबल अलीच्या त्या सौर चाचणी-प्लॉटवर ईश्वरीने सगळं वहीत लिहिलं आणि वही टेबलावर आपटली.

"आपटू नकोस, सही कर." हेमचंद्र सरांनी अहवालाचं शेवटचं पान पुढे सरकवलं. 'चार महिन्यांत उत्पादन चाळीस टक्क्यांनी घटले. या हवामानात देशाचे ग्रिड सौरविजेवर चालवणे अशक्य.' "चार वाजता क्लायंटकडे द्यायचंय. मग हा प्लॉट खलास."

"पॅनलचा काय दोष, सर? वर बोटभर धूळ आहे! पुसणारी सहा माणसं आपणच मार्चमध्ये घरी पाठवली."

"मंदीत अर्धं ऑफिस घरी गेलं. आणि तेव्हा 'धुळीमुळे तूट फार तर पाच टक्के' हे कुणी लिहून दिलं होतं, मॅडम?"

तिनेच. आकडा पाठ्यपुस्तकातला होता. ते पुस्तक जिथे लिहिलं गेलं तिथे आठवड्याला पाऊस पडतो, पॅनल आपोआप धुतले जातात. इथे मार्चपासून एक थेंब नव्हता. ईश्वरीची कानशिलं तापली. सरांचा राग आलाच होता, आता त्याहून जास्त स्वतःचा आला.

"आणि धुवायला पाणी?" सर थांबेनात. "इथे प्यायचं पाणीसुद्धा वीज जाळून समुद्रातून गोडं करतात. देशभर टँकर फिरवणार? यल्ला, चल लवकर, सही."

"चार वाजायचेत अजून," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलून निघाली.

सहांतले पाच गावी परतले होते. उरलेला कमरुद्दीन शहरात करामाला, तिच्याच बिल्डिंगखाली, गाड्या पुसायचा. अकराच्या आत ती त्याला घेऊन आली.

रिकाम्या खिळ्यांकडे बघत तो म्हणाला, "निकालते वक्त तो किसी ने नहीं पूछा, मॅडम, कि धूल कितनी बैठेगी."

"गलती मेरी थी, भाई. सिर्फ बायीं लाइन पोंछ दो."

"टँकर बोलावू का?" सरांनी टोमणा मारला.

कमरुद्दीनने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने फडकं बादलीत बुडवलं, करकचून पिळलं आणि गाडीची काच पुसावी तसा पहिला पॅनल पुसला. मागून कोरडं फडकं. मग दुसरा. उजव्या रांगेला कुणी हात लावला नाही.

बारा वाजता ईश्वरीने दोन्ही मीटर वाचले. बादलीत डोकावली. अहवालाचं शेवटचं पान ओढलं आणि सहीच्या जागी, कागद फाटेल इतकं पेन दाबून लिहिलं:

न पुसलेली रांग, ९७० वॅट. पुसलेली रांग, १६२० वॅट. पाणी, दीड बादली.