कडेचा इशारा

बाविसाव्या मजल्यावर गवंडी महादेव पुन्हा कडेकडे सरकला. "अहो, मागं सरा," हेल्मेटमधून त्याच्या बायकोचा, शेवंताचा आवाज आला.

घरच्यांचं मजूर ऐकतात, म्हणून कडेजवळ जाताच हेल्मेटमध्ये वाजणारे इशारे कंपनीने त्यांच्या बायकांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतले होते. अगदी टोकावरच्या इशाऱ्यात नाव लागायचं. नवऱ्याचं नाव कधीच न घेणारी शेवंता तेवढ्यापुरतं ते लाजत बोलली होती. दिवाळीनंतर ती तापाने गेली.

"परत गेलास कडेला?" मुकादम खालच्या मजल्यावरून ओरडला. "उद्या तुझ्या टोपीत माझा आवाज भरतो. मग बघू किती वेळा जातोस!"

"भरा की, उद्या."

कमरेची दोरी टोकापर्यंत पुरत नव्हती. महादेवने हूक सोडला आणि पाऊल पुढे टाकलं.

"महादेवराव, थांबा!"

तो डोळे मिटून ऐकत राहिला.