सम्राटाला एक फूल

"रशिया दोन खांबांवर उभा आहे," नगरसमितीचे अध्यक्ष वालेरी इग्नात्येविच म्हणाले. "एक खांब सम्राटांचा, दुसरा खेळाडूंचा. आणि दोन्हींवर इतिहासाने एकच नाव कोरलंय. अलेक्झांडर."

ज्या टेबलावर मूठ आपटून ते हे म्हणाले, ते टेबल तीन पायांवर उभं होतं. चौथा पाय मागच्या हिवाळ्यात घोट्यापासून तुटला, तेव्हा समोरच्या व्यायामशाळेतून बारबेलच्या दोन जाड लोखंडी प्लेटी मागून आणल्या आणि त्याखाली सारल्या. दोन दिवसांसाठी. मूठ बसताच चहाचं पाणी उकळणारा समोवार डचमळला. अध्यक्षांनी दुसरी मूठ हवेतच आवरली.

लिपोव्स्क गावच्या त्याच व्यायामशाळेला आज नाव द्यायचं होतं. सम्राट तिसऱ्या अलेक्झांडरची बाजू संग्रहालयाच्या संचालिका कपितोलिना अर्काद्येव्ना मांडत होत्या. सोबत त्यांनी सम्राटांचा दाढीवाला प्लास्टरचा अर्धपुतळा आणला होता आणि तो समोवारशेजारी ठेवला होता. खेळाडू अलेक्झांडरला पुतळ्याची गरज नव्हती. वेटलिफ्टर अलेक्झांडर गोर्देयेविच मोरोखोव, एकेकाळचा देशाचा विजेता, दाराजवळच्या खुर्चीत गुडघ्यावर टोपी ठेवून स्वतःच बसला होता. त्या व्यायामशाळेच्या विटासुद्धा त्याने वाहिल्या होत्या. शनिवारी त्याला सत्तर वर्षं पुरी होणार होती. डोळे मिटायच्या आत दारावर आपलं नाव वाचावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी चष्मा तर त्याने आधीच नवा करून घेतला होता.

कपितोलिना अर्काद्येव्ना गावात प्रत्येकाला वडिलांच्या नावासकट हाक मारायच्या, अगदी बर्फ उपसणाऱ्यालाही. फक्त याला "नागरिक मोरोखोव" म्हणायच्या. पोलीस म्हणतात तसं.

त्यांनी सांगितलं की सम्राट नुसत्या हातांनी घोड्याचे नाल वाकवत. मोरोखोवने विचारलं, घोड्याची काही तक्रार? त्यांनी सांगितलं की सम्राटांचे पाय लिपोव्स्कला लागले होते. मोरोखोव म्हणाला, पाय नाही लागले, आगगाडी पाणी भरायला थांबली होती आणि सम्राट आत झोपले होते. संग्रहालयातच काचेखाली लिहून ठेवलंय.

"झोपेतही ते सम्राटच होते, नागरिक मोरोखोव. तुम्ही जागेपणी..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती.

मग त्यांनी पिशवीतून कार्नेशनची फुलं काढून त्याच्या हातात दिली. शनिवारी वाढदिवस ना, म्हणाल्या. सगळ्यांना बरं वाटलं. मोरोखोवने फुलं पाहिली. चार होती.

टेबलाभोवतीचे चहाचे घोट थांबले. जिवंत माणसाला आम्ही विषम संख्येत फुलं देतो. जोडीची फुलं कबरीवर.

"आपल्या गावचा नियम आहे," कपितोलिना अर्काद्येव्ना मधाळ आवाजात म्हणाल्या. "जिवंत माणसाचं नाव कशालाच देत नाहीत. मी फक्त तुमची अडचण दूर करायला बघतेय."

मोरोखोव उठला. चारातलं एक फूल काढून त्याने सम्राटांपुढे ठेवलं. उरलेली तीन कोटाच्या खिशात खोचली.

"एकच? मेलेल्या माणसाला?" कपितोलिना अर्काद्येव्नांनी विचारलं.

"म्हणजे तेही जिवंत झाले," मोरोखोव म्हणाला. "आता नियम दोघांनाही लागू."

एक सदस्य हसला आणि लगेच त्याने हसण्याचा खोकला केला. सम्राटांच्या वडिलांवर बाँब टाकणारेही अशाच गमती करत असत, असं कपितोलिना अर्काद्येव्ना म्हणाल्या. बाँब फार हलके असतात, मला जमले नसते, असं मोरोखोव म्हणाला. प्रकरण आता बाँबवरून पुढे कुठे जाईल या धास्तीने अध्यक्षांनी घाईघाईने सम्राटांच्या नावावर मतदान पुकारलं.

निकाल सगळ्यांना ठाऊक होता. अध्यक्ष धरून पाच सदस्यांपैकी तिघांच्या घरची माणसं संग्रहालयात नोकरीला होती. मोरोखोवलाही ते ठाऊक होतं. त्याने टोपी घातली आणि तो टेबलाच्या तुटक्या पायाशी वाकला. एका हाताने त्याने समोवार, सम्राट आणि सहा कप चहा यांच्यासकट कोपरा उचलला, दुसऱ्या हाताने दोन्ही प्लेटी ओढून घेतल्या आणि कोपरा हळूच सोडून दिला.

"व्यायामशाळेच्या आहेत," तो म्हणाला. "सम्राटांच्या घरात सामान कमी पडायला नको."

टेबल कलंडलं. पाचही सदस्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. उकळता समोवार इंचाइंचाने कपितोलिना अर्काद्येव्नांच्या मांडीकडे निघाला. त्यांनी एका हाताने टेबलाची कड पकडली आणि दुसऱ्याने सम्राटांची मान.

"अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष सवयीने म्हणाले.

एकही हात वर झाला नाही.

"विरोधात?"

सम्राटांचं फूल घरंगळत जाऊन खाली पडलं. ते उचलायलाही कुणाचा हात मोकळा नव्हता. मोरोखोव काखेत प्लेटी मारून दारापर्यंत पोचला होता.

"अलेक्झांडर गोर्देयेविच."

हाक कपितोलिना अर्काद्येव्नांची होती. मोरोखोव थांबला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे नाव त्याने ऐकलं नव्हतं. नीट ऐकू यावं म्हणून त्याने टोपी काढली.

"त्या प्लेटी," त्या म्हणाल्या, "चहा होईपर्यंत तरी राहू द्या."