नवशिके

"आज वाकडं जोड," मास्तर तिच्याजवळ येऊन पुटपुटले. "सरळ जोडलंस की गेलीस."

धाकटीने नुसती मान हलवली. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. हा माणूस आपल्या बाजूचा की तपासणीच्या साहेबांच्या, हे तिला अजून कळलं नव्हतं. साहेब दारात उभे होते, बगलेत वही, चेहरा एकदम गरीब. कोणाचेही काका वाटावेत असा. असल्यांचीच तिला जास्त भीती.

वेल्डर कमी पडतात म्हणून या वर्गाची फी सरकार भरत होतं, पण फक्त नवशिक्यांची. ठेकेदार आपलीच मुरलेली माणसं विद्यार्थी म्हणून बसवायचे आणि फी लाटायचे, म्हणून ही तपासणी. ज्याला काम आधीच येतं त्याचं नाव कट.

धाकटीला येत होतं. शाळा सुटल्यापासून मामाच्या वर्कशॉपात तिने फाटकं जोडली होती, जिने जोडले होते. पण कारखान्याच्या गेटवर जिना दाखवून चालत नाही, तिथे कागद मागतात. तो कागद इथे मिळणार होता. फॉर्मवर 'हे काम आधी केलं आहे का' याच्यापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला प्रत्येक जण आपल्यावर डोळा ठेवून आहे असं वाटायचं.

साहेब पहिल्या खोपट्यात शिरले. उजेड डोळ्यांना लागू नये म्हणून प्रत्येकाच्या टेबलाभोवती जाड पडद्याचं खोपटं केलेलं होतं. रॉडचा चरचराट झाला. मग थोडा वेळ शांत. मग एकदम "आई गं!"

चष्मेवाला हात झटकत बाहेर आला. पाठोपाठ साहेबांचा मऊ आवाज, "अरे अरे. जा बाबा, बादलीत धर हात."

भाजणं तिथे रोजचंच. कोणी लक्ष दिलं नाही. पण दुसऱ्या खोपट्यातनंही तोच चरचराट, तशीच शांतता, तशीच बोंब आली, आणि चष्मेवाल्याच्या बादलीत आणखी एक हात बुडाला. धाकटीच्या डोक्यात काहीतरी खटकलं.

तिसरं खोपटं वहिनीचं. चाळिशीची बाई, "मला तर बाई ठिणगीचीसुद्धा भीती वाटते" असं दिवसातून दहादा सांगणारी. आणि हेल्मेट मात्र मानेला झटका देऊन डोळ्यांवर पाडायची. दोन आठवड्यांत ते कोणाला येत नाही. धाकटीने ते पहिल्या दिवशीच टिपलं होतं. वहिनीनेही हिचं काय काय टिपलं असेल कोण जाणे. दोघी एकमेकींशी फार गोड बोलायच्या.

मधल्या पडद्याला फट होती. धाकटीने डोळा लावला.

वहिनीने जोडलं, घाणेरडं जोडलं. साहेब थांबले. जोडाचा लाल रंग उतरला, करडा झाला, लोखंड गार दिसायला लागलं. "हातमोजे काढा वहिनी, सही करा," साहेब म्हणाले. वहिनीने सही केली. "आणि तो तुकडा द्या इकडे. बघू जरा."

चिमटा समोर पडलेला होता. वहिनीची नजर त्याच्यावर गेली आणि लगेच परतली. उजव्या हातात पेन होतं. तिने डाव्या हाताने तुकडा उचलला, साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि मग, जरा उशिराच, ओरडली.

साहेबांनी वहीत बरोबरची खूण केली. "जा, पाण्यात धरा."

म्हणजे असं आहे तर. गार दिसतं ते गार नसतं, हे ज्याला माहीत नाही तो खरा विद्यार्थी. हात भाजला की फी मंजूर.

पडदा सरकला. "हं, पोरी."

तिने हात मुद्दाम थरथरवला. जोड असा आला की मामाने बघितला असता तर तोच तुकडा तिच्या डोक्यात घातला असता. मग हातमोजे काढले, सही केली, पेन उजव्या हातातच ठेवलं.

"तुकडा दे."

तिने डावा हात पुढे केला.

"पेन ठेव खाली," साहेब म्हणाले. आवाज तसाच मऊ. "उजव्या हाताने दे."

सरकलेल्या पडद्याच्या फटीत मास्तर दिसत होते. ते जमिनीकडे बघत होते.

या हातावर तिचं पोट भरणार होतं. एक महिना रॉड धरता येणार नाही, पण कागद मिळेल. एवढंच तर करायचं. तिने बोटं पुढे नेली. बोटांना धग लागली, आणि तिचं डोकं फिरलं.

तिने चिमटा उचलला. त्यात तुकडा धरून साहेबांच्या हातासमोर नेला.

"घ्या ना. गारच आहे."

साहेब अर्धं पाऊल मागे सरले.

"कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"मामाकडे."

"मग ही जागा तुझी नाही, बाळ. ही नवशिक्याची आहे." त्यांनी वहीत नाव शोधलं आणि पट्टी लावून, सावकाश, रेघ मारायला घेतली.

धाकटी चिमटा तसाच धरून बाहेर आली. बादलीपाशी तिघं वाकून बसली होती. वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही.

"हात काढा सगळ्यांनी," धाकटी म्हणाली.

त्यांनी काढले. तिने तुकडा पाण्यात सोडला. छर्र झालं, वाफ उठली, आणि ते छर्र थांबेपर्यंत कोणी परत पाण्यात हात घातला नाही.